घाटातील धडा

गेल्या हिवाळ्यात एके पहाटे आम्ही खर्डीहून सायकलीने निघालो. सोबत आमचाच एक विद्यार्थी होता. गणितात मागे राहतो म्हणून आम्ही त्यास वर्गात कित्येकदा टाकून बोललो होतो. कसारा मागे पडून थळघाट लागताच, चाळिशी उलटली असूनही, त्याच्यापुढे राहण्याची हौस आम्हांस आवरेना.

"सर, गिअर हलका घ्या," तो म्हणाला. हलक्या गिअरात पाय अधिक वेळा फिरतात, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो, हे आम्ही जाणत होतो. अभिमान मात्र त्याहून जड होता! लवकरच गुडघे ठणकू लागले, श्वास पुरेना; आम्ही उतरलो. मुलगा संथपणे वर गेला होता. आम्ही दिसेनासे होताच तो परत खाली आला. आमची बैठक फार खाली होती. ती त्याने दोन बोटे उंच केली. "त्यानेच गुडघा दुखतो, सर," एवढेच तो म्हणाला.

दरीपलीकडून आगगाडीचा आवाज आला. सदतीस फुटांस एक फूट अशा त्या चढणीसाठी तिलाही कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडतात. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ साली सायकलीने अमेरिका ओलांडली, तीही आळीपाळीने, एकमेकांच्या आधारावर. मग आम्हांसच मदतीची लाज का वाटावी?

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे गणित पुन्हा चुकले. आम्ही खुर्ची सोडून त्याच्या बाकापाशी गेलो, आणि पहिल्या पायरीपासून सावकाश आरंभ केला.