यंदाचे वाचन

2025 च्या जानेवारीत नरेंद्र चपळगावकर गेले, फेब्रुवारीत रा. रं. बोराडे. दोघेही आमच्या शहरातले. साहजिकच यंदा नव्या पुस्तकांना रजा मिळाली. चपळगावकरांचे स्वामी रामानंद तीर्थांवरचे ‘कर्मयोगी संन्यासी’ मी एकट्याने वाचले. बोराड्यांचा 1971 सालचा ‘पाचोळा’ मात्र आईला रोज रात्री वाचून दाखवी. गावच्या शिंप्याच्या संसाराची धूळधाण त्याची बायको सांगते, आमच्या मराठवाडी बोलीत. (वर्गात मुले हीच बोलतात, निबंधाच्या वहीत मात्र ती लाजून बसते.) आमचेही घर आईच्या शिवणयंत्रावर चालले. तिसऱ्या रात्री मी पुस्तक मिटले, तशी ती म्हणाली,

“फुडं काय झालं तिचं?”

“उद्या वाचू.”

तिने दिवा मालवू दिला नाही.