कुणाची गं तू?
आमच्या तळेगाव ढमढेऱ्याला एसटीतून उतरलं, की पहिला प्रश्न, ‘कुणाची गं तू?’ बाबांचं नाव सांगा... चहा, चौकश्या, उधारीसुद्धा सुरू!

नवऱ्याच्या नोकरीपायी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आले. इथं तोच प्रश्न बँकेतली मुलगी हसून विचारते, ‘पर्सूननुम्मर?’ म्हणजे जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. हा नंबर देतं करखातं. तो नाही, तर बँकेत खातं उघडणं अवघड, मोबाइलचं कनेक्शनही अडतं. त्यात डिसेंबर. साडेतीनलाच अंधार, आणि निळ्या-पांढऱ्या ट्राममध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी.

आठव्या आठवड्यात नंबर आला! आईला फोन केला. म्हणाली, ‘बरं झालं. शेजारीण मिळाली का?’

आज बिल्डिंगच्या तळघरात, सगळ्यांच्या वॉशिंग मशीनपाशी, मीच एकीला विचारलं, ‘कितव्या मजल्यावर राहता?’