घेतलेले परत करणे



ग्वाल्हेरात दगडाचे कोणाला नवल नाही. किल्ला दगडाचा, आपल्या घरांतली फरशीही दगडाचीच. घाटीगावकडून फरशीचा दगड येतो, बिलौआकडून खडी येते. दगड निघतो, ट्रक निघून जातात आणि मागे खड्डा राहतो. पावसाळ्यात तो पाण्याने भरतो. काठाला कुंपण नसले की गुरांना धोका, पोहायला उतरणाऱ्या पोरांनाही.

प्रायश्चित्त संस्कार शिकवताना मुले विचारतात, "पाप कबूल केले, क्षमा मिळाली, मग आणखी काय करायचे?" मी त्यांना जक्कयाची गोष्ट सांगते. प्रभू येशू घरी आला तेव्हा जक्कय केवळ आनंदून थांबला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने वचन दिले. क्षमा फुकट मिळते, पण घेतलेले परत करावेच लागते. जमिनीचेही तसेच आहे.

8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले की, खाणकाम संपल्यावर तेथे पुन्हा गवत लावण्याची अट खाणपट्ट्यात घाला. जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य झाली पाहिजे.

गवत ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण उत्पत्तीच्या पुस्तकात कोरड्या भूमीवर आधी हिरवळच उगवते, पशू नंतर येतात. खाण भरतानाही क्रम हाच. सुरुवातीलाच वरची माती वेगळी राखून ठेवायची, कारण बी आणि बारीक जीव तिच्यातच असतात. काम संपल्यावर उतार बसवून ती पसरायची. गवताची मुळे माती धरून ठेवतात, मग बाभूळ, खैर तग धरतात. घाटीगावचे अभयारण्य ज्या माळढोकासाठी झाले, त्यालाही दाट जंगल नव्हे, मोकळे गवताळ माळच लागते.

ईयोबाच्या 28व्या अध्यायात माणूस डोंगर मुळापासून उलथतो, अंधारातले धन उजेडात आणतो. पण ज्ञान त्याला खाणीत सापडत नाही. ते परमेश्वराच्या भयात आहे.

तेव्हा चर्चची भिंत असो वा आपले घर, दगड मागवताना एवढे जरूर विचारू या: हा कुठल्या खाणीतला, आणि तिथला खड्डा कोण भरणार? ग्रामसभेतही हाच प्रश्न मांडता येतो.

हे प्रभू, भूमी तुझी आहे, आम्ही इथले पाहुणे. घेतलेले परत करण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.