दोन वर्षांचा संघ

जन्मालाच शेवटची तारीख ठरलेला संघ तुम्हाला कधी आवडला आहे का? हिंगोलीत आमच्याच घरी असा एक चाहता होता. माझा भाचा, तेव्हा चौथीत.

झालं असं, की सट्टेबाजीच्या प्रकरणामुळे २०१५ मध्ये आयपीएलच्या चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली. त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट आले, तेही दोनच वर्षांसाठी. लिलाव उलटा होता, बरं का! जो मंडळाकडून सर्वांत कमी पैसे मागेल, त्याला संघ. पुण्याच्या मालकांनी तर मागायचे सोडून उलट १६ कोटी देऊ केले!

'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' असं लांबलचक नाव आणि कप्तान धोनी. पुणं इथून रात्रभराच्या बसचं, तरी भाचा म्हणाला, "पुणं म्हणजे आपलंच की!" दोन वर्षांची अट मला ठाऊक होती, पण मी त्याला बोललो नाही.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातली मोठी माणसं विसरणार नाहीत. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. मैदानांना पाणी घालावं का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश झाला. पुण्याचं 'घर' गेलं विशाखापट्टणमला! भाचा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा होता. "मामा, समुद्राकाठी पुण्याचं घर कसं हो?" घागर आणि क्रिकेट, दोन्ही त्याचीच. मी काय सांगणार? त्या वर्षी पुण्यानं १४ पैकी ५ सामने जिंकले आणि सातवा नंबर मिळवला.

२०१७ मध्ये मात्र कमाल झाली. नावातलं शेवटचं 'स' गेलं, कप्तानपद धोनीकडून स्टीव्ह स्मिथकडे गेलं. बेन स्टोक्ससाठी मोजले साडेचौदा कोटी आणि राहुल त्रिपाठीसाठी फक्त दहा लाख. त्याच त्रिपाठीनं कोलकात्यात ५२ चेंडूंत ९३ धावा ठोकल्या! १ मे ला गुजरातविरुद्ध पुणे ३ बाद १० आणि तिथून स्टोक्सचं नाबाद शतक. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, शिवाय १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्याचा वाढदिवस. हे शतक हिंगोलीसाठीच आहे, असं भाच्यानं जाहीर करून टाकलं.

त्या मोसमात मुंबईला पुण्यानं तीनदा हरवलं. अंतिम सामना पुन्हा मुंबईशीच, २१ मे, हैदराबाद. मुंबई फक्त १२९! भाचा आधीच नाचत होता. शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या, गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. आता ५ चेंडूंत ७. पुढच्या चेंडूवर तिवारी झेलबाद, त्याच्या पुढच्यावर ५१ धावा काढलेला स्मिथ झेलबाद. आमच्या घरात कुणी पापणी हलवेना. शेवटच्या चेंडूला ४ हव्या होत्या, दोन पळून झाल्या, तिसरी काढताना धावबाद. एका धावेनं गेला सामना!

बऱ्याच वेळानं भाचा म्हणाला, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

तेव्हा मला सांगावंच लागलं. पुढचं वर्ष नाही, करार संपला.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पराभवापेक्षा त्याला माझाच राग जास्त आला होता, आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

२०१८ मध्ये चेन्नई परतली. कावेरीच्या पाण्यावरून तिकडे आंदोलन पेटलं आणि त्यांचे बहुतेक घरचे सामने हलवले कुठे? पुण्याजवळच्या गहुंज्याला! पुन्हा पाणीच. त्या वर्षी चेन्नईनं चषकही नेला. भाच्यानं गहुंज्याचा एकही सामना पाहिला नाही.

५ जानेवारी २०२३ ला भाच्याचा फोन आला. आता तो अकरावीत. "मामा, टीव्ही लावा! लवकर!"

लावला. गहुंज्याचंच मैदान, श्रीलंकेविरुद्धचा सामना, आणि भारताच्या निळ्या कपड्यांत पहिल्यांदाच उतरलेला राहुल त्रिपाठी.

"दहा लाखवाला," भाचा म्हणाला, "आपला."