तांब्याच्या गावातली हॉकी

आम्हा बेळगावकरांना हॉकी नवी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघातले बंडू पाटील आपल्याच गावचे. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत भाच्याकडे गेलो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्हाला हॉकीचं एक तीर्थक्षेत्र दाखवतो."

भाचा मिशिगन राज्यातल्या होटनला शिकतो. सुपीरियर सरोवरात शिरलेल्या भूशिरावरचे हे छोटे गाव एकेकाळी तांब्याच्या खाणींवर भरभराटीला आले. तिथे पाण्याकाठी डी स्टेडियम आहे. बर्फावरच्या हॉकीचे हे क्रीडागृह. जेम्स डी या गृहस्थांनी १९०२ मध्ये उभारलेली मूळ इमारत १९२७ मध्ये जळाली. त्याच जागी ही नवी झाली.

कथेची सुरुवात मात्र सीमेपलीकडे, कॅनडात होते. जॅक गिब्सन हा ऑन्टॅरिओतील बर्लिनचा, म्हणजे आजच्या किचनरचा खेळाडू. १८९८ मध्ये त्यांच्या संघाने शेजारच्या वॉटर्लूला हरवले. महापौरांनी खूश होऊन प्रत्येकाच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. खेळून पैसा घेतला, एवढ्या कारणावरून प्रांतिक संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली.

गिब्सन पुढे डेट्रॉइटला दंतवैद्यक शिकला आणि होटनमध्ये दवाखाना थाटून बसला. तिथे 'पोर्टेज लेक्स' संघ उभा राहिला. १९०३-०४ च्या मोसमात या संघाने कॅनडातून खेळाडू आणले आणि त्यांना उघडपणे पगार दिला. आइस हॉकीतला पहिला पूर्ण व्यावसायिक संघ तो हाच मानला जातो. त्या मोसमात तो फक्त दोन सामने हरला. मार्च १९०४ मध्ये माँट्रियल वाँडरर्सलाही त्याने ८-४ आणि ९-२ असे हरवले. त्याच वर्षी पाच संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली. पण १९०७ मध्ये आर्थिक मंदी आली, कॅनडातले संघही पैसे देऊ लागले, खेळाडू परतले आणि लीग बंद पडली. गिब्सनला १९७६ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले. तेव्हा तो हयात नव्हता.

तिथले जुने फोटो पाहताना मला माझा एक विद्यार्थी आठवला. चांगला हाफबॅक होता. शिबिरासाठी रजा मागायला आला, तेव्हा "खेळून पोट भरतं का रे?" असे म्हणून मी त्याचा अर्ज परत केला होता. मला वाटले, मी त्याचे भलेच केले.

परत आल्यावर त्याला शोधून काढले. आता त्याचे किराणा दुकान आहे. मी चुकलो, एवढेच म्हणालो. तो हसला. "सर, पोट भरलं," म्हणाला, "पण स्टिक अजून ठेवलीय."