फारकत आणि बँकेचा हप्ता

आमच्याकडे निकाहनाम्यात मेहरची रक्कम आकड्यात लिहितात, पुन्हा अक्षरातही लिहितात. गवाह कोण, वकील कोण, सगळ्यांच्या सह्या असतात. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हाचेही कागद माझ्या पाहण्यात येतात, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी बाई म्हणून मोहल्ल्यातले लोक ते मराठी करून घ्यायला माझ्याकडेच आणतात. त्यांत मेहर असते, इद्दतचा खर्च असतो, परत केलेल्या सामानाची यादी असते. कपाट, दिवाण, एकदा तर कूलरही होता. बँकेच्या कर्जाबद्दल मात्र एक ओळ नसते.

हे कागद ज्या काळात घडले त्या काळात घर सासऱ्याचं असे, बायकोच्या नावावर कर्ज असण्याचा प्रश्नच नव्हता. आता भंडाऱ्यात, तुमसरला, पवनीला शिक्षिका आहेत, नर्स आहेत, तलाठी आहेत. बँक दोघांचा पगार एकत्र धरून कर्ज देते, त्यामुळे घरही दोघांच्या नावावर आणि कर्जही. लग्न मोडलं की ही गाठ कशी सोडवायची हे काझीसाहेबांना विचारून उपयोग नाही, आणि बँकेत विचारलं तर ते मुबारात म्हणजे काय ते विचारतात.

माझ्यापुरतं सांगते. 2015 मध्ये भंडाऱ्यात खात रोडच्या बाजूला आम्ही घर घेतलं. कर्ज 16,50,000 रुपये, मुदत 20 वर्षं, हप्ता 15,000 च्या आसपास. पहिलं नाव मुलांच्या अब्बांचं, दुसरं माझं. सुरुवातीची रक्कम त्यांनी भरली, हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून जात राहिला. नऊ वर्षांत बँकेला सोळा लाखांवर रक्कम गेली आणि मुद्दल उतरलं जेमतेम सव्वाचार लाख. 2024 मध्ये आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा बारा लाखांच्या वर बाकी होती. (व्याजाचं घर, त्याला बरकत कुठून, असं ऐकवणारे वडीलधारे तेव्हा भेटलेच. व्याजाचा प्रश्न खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण बिनव्याजी घर देणारं कोणी त्यांच्या ओळखीत नव्हतं, आणि भाड्याच्या खोलीसाठी आमचं नाव ऐकून मालक काय म्हणतात ते त्यांनाही ठाऊक आहे.)

वेगळं झाल्यावर कर्जाचं काय होतं? काहीच होत नाही. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 43 सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल तर त्यांतल्या कोणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेता येतं. निम्मं तुझं, निम्मं माझं, ही वाटणी आपली आपसातली. बँकेला ती बांधत नाही. मी हप्ता चुकवला तर त्यांचा सिबिल खाली जाणार, त्यांनी काही वाद काढला तर माझं घर अडकणार. त्यांना दुसरीकडे घरासाठी कर्ज हवं होतं आणि तिथली बँक आमचा हा हप्ता त्यांच्या डोक्यावर मोजत होती. म्हणजे त्यांना कर्जातून नाव काढायचं होतं आणि मला घरावरून त्यांचं. आमचं जमलं ते यामुळे, फार मोठ्या मनामुळे नव्हे.

माझ्या मनात भीती दुसरीच होती. रजिस्ट्रीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा लिहिलेला. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्यांचा निम्मा हिस्सा शरीयतप्रमाणे वारसांत जाणार. मुलं असल्यामुळे त्यांच्या आईला सहावा भाग, पुढे निकाह केला तर त्या बायकोला आठवा, बाकी मुलांना, त्यात होणारी मुलंही आली. तलाकशुदा बायको वारस नसते. हप्ता मी भरत राहायचा आणि घरात माझ्यासोबत मालक म्हणून कोण कोण असतील ते आज सांगता येत नाही, अशी ती स्थिती.

मराठीत आपण ‘फारकत’ म्हणतो. हा शब्द मी वर्गात मुद्दाम फोड करून शिकवते. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा, ‘खत’ म्हणजे लेख. जुन्या व्यवहारात फारखती म्हणजे देणं फिटल्याचा, हक्क सुटल्याचा लेख. भागीदारी मोडतानाही तो करत. नवरा-बायको वेगळे होण्याला तो शब्द लागला तो यातूनच. आज तोंडात फारकत राहिली आहे आणि लेख गळून पडला आहे. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत, अल-बकराची 282 वी, नमाज-रोज्याबद्दल नाही, देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे: मुदत लिहा, गवाह घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायला कंटाळू नका. पुढच्याच आयतीत रेहनचा, म्हणजे गहाणाचा उल्लेख येतो. हे सगळं आपल्याला पाठ असतं.

बडे मामू आणि मुलांचे मोठे अब्बा, दोन्हीकडचे एकेक असे बसले. सूर-ए-निसात दोन्ही घरांतून एकेक पंच घ्यायला सांगितलं आहे, ते समेटासाठी. समेट झाला नाही, पण त्याच बैठकीत घराची वाट निघाली. मेहर त्यांनी आधीच वेगळी चुकती केली होती. घरातला हिस्सा ते मला हिबा करणार, उरलेलं कर्ज मी एकटी फेडणार, आणि मुबारात, म्हणजे दोघांच्या राजीने विभक्त होणं, त्यानंतर.

‘त्यानंतर’ हा शब्द वकिलांनी घातला. हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः त्या एका शब्दासाठी. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो तो वेगळा. पण ही सवलत नवरा-बायकोला आहे. मुबारात झाली की ती त्याच क्षणी पक्की होते, मागे घेता येत नाही. मग मी त्यांची बायको नाही आणि तोच कागद परक्या दोन माणसांमधला व्यवहार होतो. आमच्या घराची सरकारी किंमत 30 लाख धरली तर त्यांच्या 15 लाखांच्या हिश्श्यावर पाच टक्क्यांनी 75,000 रुपये, आणि अधिभार त्यावर. हक्कसोडपत्र करा असं पुष्कळ जण सुचवतात. त्यात सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे, दोघांनी विकत घेतलेल्या घराला नाही.

हिबा तोंडीही चालतो ना, असं मामूंनी विचारलं. चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 129 ने मुसलमानांच्या हिब्याला नोंदणीच्या सक्तीतून बाहेर ठेवलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी खटल्यात ते मान्यही केलं. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं, ताबा मिळाला, झाला हिबा. मी त्या घरात राहतच होते, ताब्याचाही प्रश्न नव्हता. पण तोंडी हिबा घेऊन बँकेच्या काउंटरवर उभं राहून बघा. नोंदणी करायलाच हवी. आणि त्याआधी बँकेची ना हरकत हवी, कारण घर तिच्याकडे गहाण आहे.

बँकेचं नाव सांगत नाही. ‘नाव कमी करणे’ असा अर्ज दिला तेव्हा कळलं की नाव कमी करणं असं काही नसतं. नव्या कर्जासारखी सगळी तपासणी होते. पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, सिबिल, घराचं मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल. माझं वय 46, जिल्हा परिषदेची निवृत्ती 58 ला, कर्जाची उरलेली वर्षं 11, म्हणून मुदत बसली. दोन वर्षांनी मोठी असते तर हप्ता वाढला असता. एवढं सगळं पाहून झाल्यावर साहेबांनी विचारलं, “मॅडम, घरात दुसरे पुरुष कोणी आहेत का, जामीन राहायला?” मी नऊ वर्षांचं खात्याचं उताऱ्याचं पान पुढे केलं. एकही हप्ता चुकलेला नव्हता, आणि आमचे पगार किती वेळा उशिरा होतात हे शिक्षकांना सांगायला नको.

समजा बँक अडूनच बसली असती, तर दुसऱ्या बँकेकडून एकटीच्या नावावर कर्ज घेऊन हे फेडायचं असं ठरलं होतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली आहे. हे मी अर्जात लिहिलं नाही, बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर फाईल हलली, एवढं खरं.

नोव्हेंबरात ना हरकत मिळाली, त्याच महिन्यात बक्षीसपत्र नोंदलं. जानेवारीत मुबारात झाली. तिच्या कागदात मी स्वतः एक कलम लिहिलं, उर्दूत आणि मराठीत: कर्जाचा खाते क्रमांक, त्या तारखेची बाकी, ती कोण फेडणार, आणि बँकेच्या नोंदीतून नाव निघेपर्यंत हप्ता चुकला तर जबाबदार कोण. काझीसाहेब म्हणाले, एवढं कशाला? मग वाचून झाल्यावर त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली. एप्रिलमध्ये बँकेने पूरक करार केला आणि मुलांचे अब्बा कर्जदार राहिले नाहीत, असं पत्र त्यांना आणि मला दोघांना दिलं. ते पत्र मागून घ्यावं लागतं, आपोआप येत नाही.

एक गोष्ट बँकेने सांगितली नाही, वकिलांनीही नाही. कर्जासोबत जो विमा घेतला होता तो पहिल्या नावावर, म्हणजे त्यांच्या जिवावर होता. आता फेडणारी मी. मी गेले तर मुलांच्या डोक्यावर कर्ज आणि विमा भलत्याच माणसाचा. तो नव्याने घ्यावा लागला, आणि 46 व्या वर्षी तो स्वस्त मिळत नाही.

आखीव पत्रिकेवर फेरफार झाला आहे. नगर परिषदेची घरटॅक्सची पावती अजून दोघांच्या नावाने येते. अर्ज दिला आहे. विजेचं बिल त्यांच्याच नावाचं आहे, ते मात्र मुलगा म्हणतो राहू द्या, अम्मी, निदान बिलावर तरी. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. मीटर बदलायचा फॉर्म भरून कपाटात ठेवला आहे.