चाकांवरचं घर घेताना

बाजारात नारळ घेताना आई काय करते? कानाशी नेऊन हलवून बघते. कलिंगडाला टिचकी मारते. पण समजा, अख्खं घरच विकत घ्यायचंय, तेही चाकांवरचं आणि जुनं! मग टिचकी मारायची कुठे?

2024 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चला, माझ्या दादाकडे गेले होते. आपल्याकडे उन्हानं जीव नकोसा झालेला आणि तिथे पानगळ! (भूगोलाच्या तासाला ‘दक्षिण गोलार्ध’ शिकवते मी, पण समजला तो तिथे कुडकुडताना.) त्या देशात पुष्कळ लोक मोटारहोम घेऊन फिरतात. एकाच गाडीत पलंग, शेगडी, मोरी, संडास सगळं. नवी फार महाग, म्हणून दादानं चार वर्षं पैसे साठवून जुनी घ्यायचं ठरवलं होतं.

पहिली गाडी बाहेरून अगदी चकाचक. आत नवे पडदे. वहिनी तर डबे कुठे ठेवायचे तेही ठरवू लागली. तेवढ्यात सहावीतली भाची पलंगावर चढली, तिनं कोपऱ्यातली भिंत अंगठ्यानं दाबली आणि ओरडली, “आत्या, ही भिंत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी दबतेय!”

असं का होतं, सांगते. पुष्कळशा मोटारहोमच्या भिंतीला बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबर असतं, आतून प्लायवूड आणि मधे लाकडी चौकट. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा लुकणानं बुजवलेल्या असतात. ऊनपाऊस आणि रस्त्यावरचे हादरे खाऊन ते लुकण तडकतं, पाणी झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही! म्हणून कोपरे दाबून पाहायचे, कपाटं उघडून वास घ्यायचा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर ‘का बरं?’ असं विचारायचं. तिथल्या सरकारी नियमाप्रमाणे ब्रेक, दिवे, टायर तपासून दाखला मिळतो. पण पलंगामागची ओल त्यात कोण पाहणार?

टायरचीही एक गंमत. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. 2312 म्हणजे 2012 सालचा तेविसावा आठवडा! अशा गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. इंजिन गार असतानाच सुरू करून पाहावं, तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. शिवाय गाडीतच मुक्काम करायचा तर बऱ्याच ठिकाणी त्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, आणि 2023 च्या कायद्यानुसार त्याकरता संडास पक्का बसवलेला हवा.

त्या दिवशी दादा परतताना गप्प होता. पैसे वाचले होते, पण तळ्याकाठची सहल हुकली असं वाटत होतं.

दहा दिवसांनी दुसरी मिळाली. लहानशी, जपानहून आलेली. सगळ्या बटणांवर जपानी अक्षरं. कुठलं बटण कशाचं, हे भाचीनं दाबून दाबून शोधलं. आम्ही टेकापो तळ्याकाठी गेलो. तिथलं काळंभोर आकाश 2012 पासून राखीव आहे, तारे पाहण्यासाठी! आणि नेमका पाऊस आला. मध्यरात्री जाग आली तर दादा टॉर्च घेऊन एकेक कोपरा चाचपत होता.

“कोरडं आहे गं,” तो हळूच म्हणाला.